टाचणीच्या भोकांची साक्ष

रहस्यकथा म्हटली की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे काही नावे हटकून येतात. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि त्याचा छोटू. समीक्षकांनी या पुस्तकांकडे पाहून नाके मुरडली, पण वाचणाऱ्यांनी रात्री जागवल्या. ज्यांच्या घरात वाचनाची परंपरा नव्हती अशा कितीतरी माणसांना याच पुस्तकांनी वाचनाची गोडी लावली. पुढे मुलांसाठी भा. रा. भागवत यांनी फुरसुंगीचा बनेश फेणे आणला. सायकलवर टांग टाकून चोरांचा माग काढणारा, जिभेने 'ट्टॉक' करणारा हा फास्टर फेणे मुलांचा लाडका झाला. या सगळ्या कथांची किल्ली एकच असते. गुन्हा घडतो, गुन्हेगार कोण ते कळत नाही आणि शेवटी हुशार नायक त्याचा मुखवटा ओढून काढतो.

मुलांच्या एका जगप्रसिद्ध रहस्यकादंबरीत मात्र ही किल्लीच नाही. चोर कोण ते चोरी झाली त्याच क्षणी वाचकाला कळते. नायकालाही कळते. तो चोराला डोळ्यांसमोर पाहतो, त्याच्या मागे चालतो. तरीही पुस्तक खाली ठेवावेसे वाटत नाही. कारण तिथला प्रश्न 'चोर कोण?' हा नाहीच. तिथला प्रश्न आहे, गरिबाघरच्या पोराचे म्हणणे खरे मानणार कोण?

हा प्रश्न आपल्या वाचकांना नवा नाही. म्हणूनच ९० वर्षांहून जुन्या या जर्मन पुस्तकाबद्दल आज लिहावेसे वाटते. पुस्तकाचे नाव 'एमिल आणि डिटेक्टिव्ह'. लेखक एरिश केस्टनर. साल १९२९.

कथा साधी आहे. नॉयश्टाट नावाच्या छोट्या गावात एमिल टिशबाइन हा शाळकरी मुलगा आईबरोबर राहतो. बाप नळकाम करणारा कारागीर होता, तो वारला. आई घरातच बायकांचे केस धुऊन, विंचरून, नीटनेटके करून देते आणि त्यावर घर चालवते. सुट्टीत एमिलला बर्लिनला आजीकडे पाठवायचे ठरते. आई त्याच्याजवळ १४० मार्क देते. त्यातले १२० आजीला द्यायचे, २० त्याच्या खर्चाला. लेखक इथे थांबून वाचकाला बजावतो की ज्यांची मिळकत मोठी आहे त्यांना ही रक्कम हसण्यासारखी वाटेल, पण आठवड्याला ३५ मार्क मिळवणाऱ्या बाईने साठवलेले १४० मार्क म्हणजे फार मोठी पुंजी आहे. हिशेब सोपा आहे. चार आठवड्यांची सगळी कमाई, तीही पोटाला चिमटा घेऊन बाजूला ठेवलेली.

पैसे हरवू नयेत म्हणून एमिल आगगाडीत नोटांचे पाकीट कोटाच्या आतल्या खिशाला टाचणीने टाचून ठेवतो. डब्यात ताठ टोपी घातलेला ग्रुंडआइस नावाचा गृहस्थ भेटतो. तो मुलाला चॉकलेट देतो आणि बर्लिनच्या थापा ठोकतो. म्हणे तिथे इमारती इतक्या उंच की छपरे उडून जाऊ नयेत म्हणून आभाळाला बांधून ठेवाव्या लागतात! म्हणे पैसे नसतील तर बँकेत आपला मेंदू गहाण ठेवून कर्ज मिळते! मुलाला झोप लागते. जाग येते तेव्हा गृहस्थ नाही आणि पाकीटही नाही. खिडकीतून गर्दीत ती ताठ टोपी दिसते. एमिल भलत्याच स्टेशनवर उडी मारून त्याच्या मागे लागतो. ट्राममध्ये तिकिटाला पैसे नाहीत, तर वर्तमानपत्र वाचत बसलेला एक अनोळखी माणूस त्याचे तिकीट काढतो. पुढे कळते की तो पत्रकार असून त्याचे नाव केस्टनर! लेखक स्वतःच आपल्या नायकाचे तिकीट काढतो, ही या पुस्तकातली खट्याळ गंमत आहे.

आता कोणीही विचारील, एवढे सगळे ठाऊक असताना पोरगा सरळ पोलिसाकडे का जात नाही? इथेच पुस्तकाची खरी मेख आहे. एमिलने गावात मित्रांबरोबर एक उद्योग केलेला असतो. ग्रँड ड्यूक कार्ल याच्या पुतळ्याचे नाक त्याने लाल रंगवले आणि त्याला मिशा काढल्या. येश्के नावाच्या हवालदाराने आपल्याला ओळखले असेल, या धास्तीने तो पोखरून निघालेला असतो. त्यामुळे त्याचे १४० मार्क चोरीला गेले तरी त्याच्या मनात पहिला विचार येतो तो हा, की पोलीस मलाच धरतील. वाचताना हसू येते. पण हसता हसता घास अडकतो. पुतळ्याला मिशा काढणारे श्रीमंताघरचे पोर असते तर बापाच्या हाताला धरून ते पोलिसांकडे गेले असते. गरीब माणूस ठाण्याची पायरी चढतो तेव्हा तो फिर्यादी असला तरी त्याच्या मनात आरोपीच असतो. कागदपत्र आहे का, राहतोस कुठे, तूच काही केले नाहीस ना, या प्रश्नांची उत्तरे तो वाटेतच जुळवत असतो.

एकटा एमिल या कोंडीतून सुटला नसता. त्याला सोडवतात ती बर्लिनच्या रस्त्यावरची पोरे. पहिला भेटतो तो भोंगा घेऊन फिरणारा गुस्टाव्ह. आधी दोघांत हमरीतुमरीची वेळ येते, मग दोस्ती होते. गुस्टाव्ह भोंगा वाजवत आपली फौज गोळा करतो. चष्मेवाला, न्यायखात्यातल्या बड्या वकिलाचा मुलगा 'प्रोफेसर' सूत्रे हाती घेतो. इथून पुढे ही कादंबरी म्हणजे संघटना कशी बांधावी याचा सुंदर पाठ आहे. खाऊच्या पैशांची वर्गणी जमते. कोणी पहारा द्यायचा, कोणी निरोप न्यायचे, कोणी भाकरी आणायची, हे ठरते. परवलीचा शब्द ठरतो. एमिलची मावसबहीण पोनी सायकलवरून ये-जा करते आणि पोरांची फिरकीही घेते. एमिल परका आहे, खेडवळ आहे, त्याच्या खिशात दमडी नाही, पण कोणी त्याला हिणवत नाही.

या फौजेत एक सर्वांत छोटा मुलगा आहे. त्याचे आडनाव डीन्स्टाग, म्हणजे मंगळवार. त्याच्या घरी टेलिफोन आहे, म्हणून त्याने घरीच बसून निरोप घ्यायचे असे ठरते. सगळी पोरे चोराच्या मागावर, हॉटेलसमोर पहाऱ्यावर, रोमहर्षक धावपळीत आणि हा बिचारा फोनजवळ! त्यालाही यायचे असते. पण तो जागा सोडत नाही. शेवटी विजयाच्या मेजवानीत सगळे आपापल्या पराक्रमाच्या गप्पा मारतात तेव्हा एमिलची आजी सर्वांत मोठी शाबासकी या छोट्या मंगळवाराला देते. कंटाळवाणे असले तरी आपले काम कोणते हे त्याने ओळखले म्हणून. मोर्चात पुढे चालणाऱ्याचे छायाचित्र छापून येते. रात्रभर सतरंज्या घालणाऱ्याचे, पत्रके वाटणाऱ्याचे, कार्यालयात बसून फोन घेणाऱ्याचे कोण छापतो? चळवळीत काम केलेल्या प्रत्येकाने ही आजी वाचावी.

रात्री पहाऱ्यावर असताना एमिल आणि प्रोफेसर यांच्यात घरच्या गोष्टी निघतात. प्रोफेसर सांगतो की आमच्या घरी पैशाविषयी फारसे बोलणे होत नाही. त्यावर एमिल म्हणतो, मग तुमच्याकडे पुष्कळ असणार! गरिबीचे अर्थशास्त्र एवढ्या थोडक्यात मोठमोठ्या ग्रंथांनाही सांगता आलेले नाही. ज्याच्या घरी पैसा नाही त्याच्याच घरी सकाळ-संध्याकाळ पैशाची चर्चा असते. पण त्याच गप्पांत हेही येते की एमिलची आई कामातून वेळ काढून त्याच्याशी बोलते, त्याला जपते आणि प्रोफेसरच्या आईबापांना वेळ नसतो. लेखक गरिबीला दागिना म्हणून मिरवत नाही आणि श्रीमंत मुलाला खलनायकही करत नाही.

आणखी एक जागा मोलाची आहे. चोर समोर आहे, पोरे पुष्कळ आहेत, मग पैसे हिसकावून का घेऊ नयेत किंवा गुपचूप परत का चोरू नयेत, असा मुद्दा निघतो. पोरांची सभा त्यावर वाद घालते. चोराकडून चोरले तरी आपण चोरच ठरू, असे उत्तर येते. दुसऱ्या दिवशी शंभरएक मुले ग्रुंडआइसला घेरून चालतात. हात लावत नाहीत, दगड मारत नाहीत, नुसती मागे चालतात. तो गोंधळून नोटा मोडायला बँकेत शिरतो आणि तिथे एमिल पुढे येऊन सांगतो की या नोटा माझ्या आहेत. पुरावा काय? तर नोटांना टाचणीची भोके आहेत! कारकून नोटा उजेडासमोर धरतो. भोके असतात.

गरीब घरातली ती काळजी, तो साधा टाचणीचा उपाय, हाच शेवटी पुरावा ठरतो. त्या भोकांमुळे बँकेला मुलाचे ऐकावे लागते. मग चोराची सगळी खोटी नावे बाहेर पडतात, तो बँक लुटणारा फरारी गुन्हेगार निघतो आणि एमिलला १००० मार्कांचे बक्षीस मिळते. त्यातून आईला केस वाळवायचे विजेचे यंत्र आणि एक उबदार कोट घ्यायचा, असा त्याचा बेत. या सगळ्याचे तात्पर्य काय, असे विचारल्यावर आजी सांगते की पैसे नेहमी मनिऑर्डरनेच पाठवावेत! गावाकडे मनिऑर्डर धाडण्यात आयुष्य गेलेल्या आपल्या मुंबईकर कष्टकऱ्यांना ही आजी आपलीच वाटली असती.

संघटना आणि जमाव यांतला फरक या पोरांना कळतो. तो मोठ्यांना कळत नाही तेव्हा काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी असल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाच्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठेचून मारले. तिथेही प्रत्येक जण स्वतःला डिटेक्टिव्ह समजत होता. मोबाइलवरचा निरोप हाच पुरावा, परका वेश हाच गुन्हा. नोट उजेडासमोर धरून पाहण्याची गरज कोणालाच वाटली नाही. बर्लिनच्या त्या काल्पनिक पोरांनी पुरावा हाती येईपर्यंत हात उचलला नव्हता.

केस्टनर यांना हे सगळे कुठून सुचले? पुस्तकाच्या प्रास्ताविकात त्यांनी त्याची मजेदार हकिकत रचली आहे. त्यांना म्हणे दक्षिण समुद्रातल्या बेटांवरची, जंगली जनावरांची भन्नाट कादंबरी लिहायची होती. पण देवमाशाला पाय किती असतात हे ठाऊक नसल्यामुळे गाडी अडली! तेव्हा ओळखीच्या हॉटेलातल्या एका वेटरने सल्ला दिला, जे माहीत आहे ते लिहा. आपल्या साहित्याने प्रस्थापितांना हेच तर सांगितले. जे भोगले, जे पाहिले, ते लिहा. केस्टनर यांना काय माहीत होते? १८९९ साली ड्रेस्डेनमध्ये एका कामगार कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील चामड्याचे काम करणारे कारागीर, पुढे कारखान्यात मजूर. आई इडा घरीच केशरचनेचे काम करून मुलाच्या शिक्षणाला हातभार लावत होती. एमिलची आई कल्पनेतून आलेली नाही. ती लेखकाच्या घरातून आली आहे.

पुस्तक अफाट गाजले. १९३१ मध्ये त्यावर चित्रपट निघाला, त्याच्या पटकथेत पुढे हॉलिवूड गाजवणाऱ्या बिली वाइल्डर यांचा हात होता. पण १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. १० मे १९३३ रोजी बर्लिनमध्ये पुस्तकांची होळी पेटली. तीत केस्टनर यांची पुस्तकेही होती आणि आपल्या नावाचा पुकारा ऐकत ते स्वतः गर्दीत उभे होते. घराघरांत पोहोचलेला 'एमिल' त्या दिवशी वाचला. पुढे लेखकावर लेखनबंदी आली. ज्यांनी आग्रह करून हे पुस्तक लिहून घेतले त्या प्रकाशक एडिथ याकोबसोन ज्यू असल्यामुळे देश सोडून गेल्या. ज्यांच्या चित्रांनी एमिलला चेहरा दिला ते वॉल्टर ट्रिअर हेही ज्यू. त्यांनाही १९३६ मध्ये इंग्लंडचा आसरा घ्यावा लागला. चित्रपटात एमिलचे काम करणारा आणि छोट्या मंगळवाराचे काम करणारा, हे दोन्ही मुलगे मोठे होऊन हिटलरच्या सैन्यात गेले आणि १९४२ मध्ये युद्धात मारले गेले. चोराला न मारता पकडणारी पोरे पडद्यावर साकारणाऱ्या मुलांच्या हाती राज्यकर्त्यांनी बंदुका दिल्या.

एमिलची गोष्ट गोड शेवटाची आहे, कारण शेवटी बँकेचा कारकून नोट तपासतो, पोलीस ऐकतात, वर्तमानपत्र छापते. मोठ्यांचे जग ऐकते. जिथे ते ऐकत नाही तिथे पोरांच्या या खेळाचे काय होते? याचे उत्तर एका भारतीय लेखिकेने दिले आहे. दीपा अनप्पारा मूळच्या केरळच्या. मुंबई-दिल्लीत पत्रकार म्हणून काम करताना गरिबीचा आणि धार्मिक हिंसेचा मुलांच्या शिक्षणावर होणारा परिणाम त्यांनी बातम्यांतून मांडला. त्यांची 'जिन पेट्रोल ऑन द पर्पल लाइन' ही इंग्रजी कादंबरी २०२० मध्ये आली आणि २०२१ मध्ये तिला रहस्यकथांसाठीचा मानाचा एडगर पुरस्कार मिळाला. ती मुलांसाठी लिहिलेली नाही, पण तिचे डिटेक्टिव्ह मुलेच आहेत.

उत्तर भारतातल्या एका शहराच्या कडेला झोपडवस्ती. तिथे नऊ वर्षांचा जय राहतो. टीव्हीवरचे पोलिसी कार्यक्रम पाहून तो स्वतःला मोठा गुप्तहेर समजतो. त्याच्यापेक्षा कितीतरी हुशार अशी पुस्तकवेडी परी आणि पोटासाठी काम करणारा फैझ, हे त्याचे साथीदार. समोसा नावाचा भटका कुत्रा हा त्यांचा पोलिसी कुत्रा! जयच्या बढाया वाचून पानोपानी हसू फुटते. पण वस्तीतली मुले एकामागून एक नाहीशी होऊ लागतात. पहिल्या हरवलेल्या मुलाची आई पोलिसांना हात जोडते, तर पोलीस तिची सोन्याची साखळी घेतात आणि शोध काही घेत नाहीत. फार आरडाओरडा केला तर बुलडोझर येईल, ही टांगती तलवार वस्तीवर आहेच. एमिलच्या दोस्तांकडे खाऊचे पैसे होते. जयला मेट्रोच्या तिकिटासाठी आईने अडीनडीला दडवलेले पैसे चोरावे लागतात. संशय मुस्लिमांवर ढकलला जातो, फैझच्या निरपराध भावाला अटक होते. आणि शेवटी खुद्द जयची धावपटू बहीण रुनू नाहीशी होते. तिचा पत्ता लागत नाही. इथे टाचणीची भोके तपासायला कोणी तयारच नसते.

हे वाचताना निठारी आठवल्याशिवाय राहत नाही. नोएडातल्या या भागात गरीब मजुरांची मुले हरवत होती आणि पालकांच्या तक्रारींकडे पोलीस डोळेझाक करत होते. डिसेंबर २००६ मध्ये नाल्यातून मुलांचे अवशेष निघाले तेव्हा देश हादरला. पण आधीच ढिला पडलेला तपास पुढेही धड झाला नाही. २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने बहुतेक खटल्यांत आरोपींना निर्दोष सोडले आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उरलेल्या शेवटच्या खटल्यातील शिक्षाही रद्द केली. मुले गेली हे खरे. मारणारा कोण, याचे उत्तर कायद्याच्या दप्तरात आज नाही. तक्रार घेतली गेली असती, त्याच दिवशी शोध सुरू झाला असता, तर कितीतरी मुले वाचली असती.

कायदा याविषयी मुका नाही. मूल हरवल्याची तक्रार आली की अपहरण वा तस्करी गृहीत धरून गुन्हा नोंदवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर सांगितले. त्याच वर्षी ललिता कुमारी खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवणे पोलिसांना बंधनकारक ठरवले. हा खटलाही एका हरवलेल्या अल्पवयीन मुलीचाच होता! अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांच्या प्रकरणी खबर नोंदवण्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षा आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम ४ आणि २०१५ ची दुरुस्ती वाचून पाहा. कागदावर सगळे आहे. पण ठाण्यातल्या टेबलामागचा माणूस समोरच्याचे कपडे, भाषा आणि आडनाव पाहूनच पेन उचलतो की नाही, यावर अजूनही पुष्कळ काही ठरते.

मग पोरांच्या हातात गमतीदार रहस्यकथा देऊन काय होणार, असे कोणी म्हणेल. बरेच काही होते. रहस्यकथा मुलाला प्रश्न विचारायला शिकवते. कोणी पाहिले? केव्हा? पुरावा कुठे? ज्या समाजाला हजारो वर्षे 'विचारू नको' एवढेच शिकवले गेले त्याच्या मुलांसाठी ही करमणूक फार मोलाची आहे. असा मुलगा अफवेवर दगड उचलणार नाही. अशी मुलगी ठाण्यात गेली तर खबरीची प्रत मागितल्याशिवाय उठणार नाही, कारण ती विनामूल्य मिळणे हा आपला हक्क आहे हे तिने वाचलेले असेल.

आपल्या विहारांतून, वस्तीतल्या अभ्यासिकांतून स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांशेजारी एक फळी अशा कथांची असावी. आणि आपल्या लेखकांनी देवमाशाचे पाय मोजत बसू नये. धारावी, भीमनगर, इंदोरा यांच्या गल्ल्यांत जय, परी आणि गुस्टाव्ह आजही हिंडत आहेत. त्यांना नायक करा, त्यांच्या तोंडी विनोद द्या. आणि त्यांच्यापैकी कोणी धावत येऊन सांगितले की काका, मी चोर पाहिला, तर त्याला हुसकावून लावण्याआधी नोट उजेडासमोर धरून पाहा.